लांबचं सुतक

आमच्या घरी यंदा कढई चढणार नाही. उन्हाळ्यात आई गेली, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर तळण करायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. दिवाळीत शेजारचे आणि नात्यातले लोक डबे आणून देतात. दुःखाच्या घरी फराळ खायचा तो दुसऱ्याच्या हातचा. दिवाळी अजून लांब आहे, तरी स्वयंपाकघरातल्या फळीवर जागा उरलेली नाही. वहिनी म्हणते, आत्याबाई, म्हणजे आमची आई, असत्या तर एकेक डबा उघडून कोणाच्या चिवड्यातले दाणे खवट आहेत ते सांगितलं असतं. खरं आहे. सांगितल्याशिवाय आईला चैनच पडलं नसतं.

हे डबे आले की मला आठवते ती तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. त्या वर्षी आमच्या घरातलं कोणीही गेलेलं नव्हतं. भाऊबंदांतही नव्हतं. तरीही आईने कढई चढवू दिली नाही.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत. घरात तेव्हा आई, दादा, वहिनी आणि मी. दादा एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात जातो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दादाची एकुलती मुलगी, माझी पुतणी, त्याच वर्षी उन्हाळ्यात लग्न होऊन मंठ्याला गेली होती. म्हणजे ती दिवाळी तिचा दिवाळसण. जावई पहिल्यांदा सणाला येणार, त्याला ओवाळायचं, कपडे करायचे, आणि ताटात फराळ वाढायचा. वहिनीने दसऱ्यापासून डोक्यात सगळी मांडणी करून ठेवली होती. मंठ्याच्या विहीणबाई फार करड्या आहेत, असं आम्ही लग्नातच ऐकलं होतं. मानपानात त्यांना तसूभरही कमी चालत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

आणि त्याच दिवसांत आईला टीव्हीवर ती बाई भेटली.

कुठल्या देशातली, ते मी इथे लिहीत नाही. आईलाही त्या देशाचं नाव नीट घेता येत नसे, आणि तिच्या लेखी तो देश म्हणजे ती बाई. तिकडे लढाई सुरू होती. संध्याकाळच्या बातम्यांत पडलेल्या भिंती दिसायच्या, धूर दिसायचा, आणि मधेच थोडा वेळ ती दिसायची. निळी ओढणी घेतलेली, जमिनीवर बसलेली. समोर पत्र्याचा डबा कापून केलेली चूल. दोन्ही हातांनी पिठाचा गोळा या हातावरून त्या हातावर थापायची, तव्यावर टाकायची, आणि मान वर न करता पुढचा गोळा घ्यायची. मागून एक पोरगा पाण्याचा कॅन ओढत जायचा. एवढंच. मग निवेदक परत यायचा.

आई आष्टीची. लहानपणापासून भाकरी थापलेली. पहिल्याच दिवशी ती खुर्चीतून पुढे सरकली.

“बघ गं, हात बघ तिचा. आपल्याकडची वाटते.”

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांची वेळ झाली की ती विचारायची, “आली का?” आली की तिच्याशी बोलायची. “लई जाळ घालून राह्यलीस गं बाई, करपंल.” कधी म्हणायची, “खाल्लं का तू काही? का नुसतं दुसऱ्याला वाढून राह्यली?” दादा हसायचा. वहिनी मेथी निवडता निवडता हसायची. मीही पुस्तकातून मान काढून हसायचे. एकच चित्रफीत रोज नव्या आवाजाखाली फिरवून दाखवतात, हे दादाला आणि मला कळलं होतं. पण आईला ते सांगावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. घरात रोज संध्याकाळी एक पाहुणी यायची. आई तिला बोलायची, आणि आमची करमणूक व्हायची.

मग ती दिसेनाशी झाली. बातम्या बदलल्या. निवडणूक आली, क्रिकेट आलं. लढाई सुरूच होती, पण आता तिच्यात नुसती माणसं बोलताना दिसायची, कोटातली. आईने चार-पाच दिवस वाट बघितली. एका सकाळी वहिनी अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायला निघाली, तेव्हा आईने तिच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे. यंदा कढई न्हाई चढवायची.”

वहिनीला वाटलं, आष्टीहून फोन आला. तिचा चेहराच उतरला. “कोण गेलं, आत्याबाई?”

“ती गेली,” आई म्हणाली. “भाकरीवाली.”

त्या दिवशी दादा कामावर उशिरा गेला. आधी तो हसला, मग चिडला, मग पुन्हा हसायचा प्रयत्न केला.

“आई, जगात कुठं ना कुठं रोज लढाई चालूच असती. सगळ्यांचं सुतक धरत बसलं तर जन्मात करंजी खायला मिळायची न्हाई.”

“सगळ्यांचं कुठं म्हणून राह्यले मी? मला एकच बाई ठाऊक हाय.”

“ठाऊक? नाव तरी माहीत आहे का तिचं?”

“तुझ्या साहेबाच्या बायकोचं नाव तुला ठाऊक हाय का? ती मेल्यावर गेल्तास ना तोंड पाडून?”

“आपल्या गल्लीत आठवडा झाला नळाला पाणी न्हाई. त्याचं कोणी सुतक धरलं का?”

“नळ मेला तर धरीन.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “अगं, तू इतकी पुस्तकं वाचतेस. तूच समजाव हिला.”

मी काय समजावणार? आमच्याकडे दुःखाचं अंतर मोजून ठेवलेलं आहे. भाऊबंदांतलं माणूस गेलं तर दहा दिवस. लेकीच्या घरचं गेलं तर तीन. त्याहून लांबचं असेल, किंवा फार उशिरा कळलं, तर डोक्यावरून आंघोळ केली की झालं. कोणाचं किती, हे आईला आमच्यापेक्षा चांगलं पाठ होतं. टीव्हीवर दिसलेल्या बाईला या मोजणीत कुठे बसवायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. मी तेवढंच म्हणाले. दादा म्हणाला, “झालं, आता दोघी एक झाल्या.”

पण मी आईच्या बाजूने बोलले नव्हते. आमच्या ग्रंथालयात दोन निवृत्त गृहस्थ रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. परदेशच्या बातम्यांचं पान त्यांना आधी लागतं. त्या लढाईत एकाने एक देश धरला होता, दुसऱ्याने दुसरा. रोज दबक्या आवाजात भांडायचे आणि मग बाहेर टपरीवर एकमेकांना चहा पाजायचे. लांबच्या लढाईची काळजी म्हणजे असंच काहीतरी, असं मला वाटायचं. आपापला देश धरायचा, मुद्दे मांडायचे, चहा प्यायचा. आईने मात्र कोण बरोबर, कोण चूक, हे एकदाही विचारलं नाही. तिने थेट कढईच उतरवली, आणि त्यामुळे आमची पंचाईत झाली.

मला दिवाळीची सुट्टी लागली होती. दादाने दुपारी घरी फोन करून मला सांगितलं, “ती फीत इंटरनेटवर असंल. काढून दाखव तिला. म्हण, बघ, जिवंत आहे.” मला ते पटलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतःच शोधून आणली आणि मोबाइल आईच्या पुढ्यात धरला.

“हे बघ. आजची. मजेत आहे तुझी मैत्रीण.”

आईने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मग मोबाइल दादाला परत दिला.

“हे मागचंच हाय.”

“कशावरून?”

“मागच्या पोराच्या एकाच पायात चप्पल हाय. पहिल्या दिवशी बी एकच होती. रोज एक चप्पल घालून कोण हिंडंल?”

आई म्हणाली, “मला काय खुळी समजता का रे? एकच चित्र फिरवून राह्यले ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण दाखवत होते तवर ती हाय असं वाटायचं. आता दाखवायचं बी बंद केलं. मंग काय समजायचं मी?”

दादा मोबाइल खिशात घालून मोरीवर हातपाय धुवायला गेला.

खरी आग लागली ती मंठ्याहून. पुतणीने सहज वहिनीशी फोनवर बोलताना विचारलं, अनारसे जमले का, आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं की आजीने सुतक धरलंय. पोरीने ते तसंच सासूच्या कानावर घातलं. अर्ध्या तासात विहीणबाईंचा फोन. वहिनीने घाबरून स्पीकर लावला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“काय हो विहीणबाई, तुमच्याकडं माणूस गेलं आणि आम्हाला साधी खबर न्हाई?”

“तसं न्हाई हो...”

“आम्ही काय परके आहोत? सोयरीक झाली ना आपली? कळवलं असतं तर आम्ही आलो असतो की. लोक काय म्हणतील, सोयऱ्याच्या दारात दुःख आणि हे मंठ्यात शेव तळून राह्यले.”

“आमच्या घरचं कोणी...”

“मेलं कोण ते तरी सांगा. म्हणजे येताना दुखवट्याचं टोपी-उपरणं आणायचं का पेढे आणायचे, ते ठरवता येईल.”

वहिनी म्हणाली, मी तुम्हाला मागून फोन करते, आणि कट करून खाली बसली. खरं सांगावं तर विहीण म्हणणार, टीव्हीवरच्या बाईसाठी आमच्या पोराचा पहिला सण बुडवला. खोटं सांगावं तर कोणाला मारायचं? आणि या दोन्हींच्या मधे मंठ्याच्या त्या घरात तिची लेक एकटी बसलेली. रात्री पुतणीचा मला निरोप आला: आत्या, मी काय सांगू गं यांना?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला कळलं की गल्लीलाही आमची खबर लागली आहे. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीत घराघरातून तळणीचा वास येतो. आमच्याकडून येत नव्हता. शिवाय आई ओट्यावर गप्प बसलेली दिसायची. गल्लीने हिशेब केला. दुपारचं काम आटोपून पाच-सहा बायका डोक्यावर पदर घेऊन, तोंडं लहान करून आमच्या घरात आल्या आणि सतरंजीवर बसल्या. समोरच्या खाला सगळ्यांत आधी आल्या. त्यांच्या घरी उर्दू बोलतात, आणि आईची आणि त्यांची चाळीस वर्षांची बैठक. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि काही बोलल्या नाहीत. अशा वेळी आधी बोलायचं नसतं.

मी सवयीने चहाचं आधण ठेवायला उठले. एक मावशी हळूच म्हणाली, “नको ताई. सुतकाच्या घरचं पाणी घेत नसतात.” मी परत बसले.

शेवटी शेजारच्या टेलरमामी म्हणाल्या, “आष्टीचं का हो कोणी?”

आईने नकारार्थी मान हलवली.

“भावकीतलं?”

पुन्हा मान.

“मंग?”

वहिनीने डोळे मिटून घेतले. आईने सगळं सांगितलं. टीव्ही, निळी ओढणी, पत्र्याची चूल. मला वाटलं, आता या उठतील आणि बाहेर जाऊन पोट धरून हसतील. दिवाळीभर आम्हाला पुरेल एवढं हसतील.

टेलरमामी म्हणाल्या, “निळ्या ओढणीची? जिच्या मागून पोरगं कॅन ओढतं?”

“तीच.”

“अगं बया! ती गेली?”

आणि बैठक सुरू झाली. सतरंजीवरच्या बहुतेक जणींनी तिला पाहिलेलं होतं. एकीला तिची बांगडी आठवत होती. दुसरी म्हणाली, बांगडी न्हाई, मनगटाला फडकं बांधलेलं होतं, भाजलं असणार. खाला म्हणाल्या, “मैं तो रोज देखती थी. हमारे घर में सब देखते थे.” पदर डोक्यावर तसेच, पण आता सगळ्या एकदम बोलत होत्या. त्या बाईचं कोण कोण असेल, पीठ कुठून आणत असेल, पाऊस आला तर चुलीचं काय करत असेल. मी ग्रंथालयात त्या लढाईवर जे काही वाचलं होतं, त्यात यातला एकही प्रश्न नव्हता.

वहिनी एवढा वेळ दाराला टेकून उभी होती. आमची वहिनी चारचौघांत कमी बोलते, आणि सासूसमोर त्याहून कमी. ती एकदम म्हणाली, “आत्याबाई, तुम्हाला कळवलं कोणी?”

“काय?”

“ती गेली म्हणून.”

“मला कोण कळवणार?”

“मंग सुतक कुठून धरलं? सुतक खबर आल्यापासून लागतं.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. वहिनी थांबली नाही. “माझ्या मावशीचा नवरा घर सोडून गेल्ता. पत्ता न्हाई, चिठ्ठी न्हाई. मावशीनं कुंकू पुसलं न्हाई. हरवलेल्या माणसाला बारा वर्षं जिवंत धरायचं असतं. कोणी म्हणलं, मेला असंल, तर मावशी अंगावर धावून जायची. म्हणायची, तू बघितलास का मेलेला? न बघता माणूस मारतोस?” तिने श्वास घेतला. “तुम्ही त्या बाईला न बघता मारून राह्यल्या, आत्याबाई.”

टेलरमामींनी तोंडाला पदर लावला. सुनेने सासूला असं बोलताना आमच्या घरात मी प्रथमच ऐकत होते.

खाला म्हणाल्या, “बहू बराबर बोलती, बाई. बिना खबर के मातम नहीं करते. दुआ करते.”

“मावशीचा नवरा आला का मंग?” कोणीतरी विचारलं.

“आला की. नवव्या वर्षी. दुसरी बायको घेऊन.”

पहिली हसली ती आई. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. खालांना हसताना ठसका लागला. पदर डोक्यावरून घसरले ते पुन्हा कोणी वर घेतले नाहीत.

“बारा वर्षं?” आईने डोळे पुसत विचारलं.

“बारा.”

“मंग ती हाय.”

“हाय म्हणायची.”

“हे आधी का न्हाई बोललीस गं? अनारशाचे तांदूळ भिजवायचे राहून गेले की!” आणि माझ्याकडे वळून, “बसून काय राह्यलीस? चहा टाक. आता पितील.”

प्यायल्या. आणि चहा पिऊन झाल्यावर उठायचं कोणालाच सुचलं नाही. दिवाळी तोंडावर, घरात डबे रिकामे, आणि सतरंजीवर कामाच्या हातांच्या पाच-सहा बायका. आईने खोबरं काढायला सांगितलं. वहिनी रवा-मैदा मळायला बसली. टेलरमामींनी पदर खोचला आणि पोळपाट पुढे ओढला. ज्या सतरंजीवर दुःखाला बसायला आल्या होत्या, त्याच सतरंजीवर वर्तमानपत्रं अंथरून करंज्यांच्या पुऱ्या पसरल्या गेल्या. बाकीच्या कातण्याने कडा कापत होत्या, खाला मात्र हाताने मुरड घालत होत्या, बारीक, वेणीसारखी. आई म्हणाली, “आपा, एवढी नाजूक मुरड जावयाच्या पोटात गेल्यावर दिसणार हाय का?” खाला म्हणाल्या, “पोट में जाने से पहले तो दिखेगी ना.”

कढई आईने स्वतः चढवली. पहिली करंजी तेलात सोडताना तिने कोणाचं नाव घेतलं नाही, की हात जोडले नाहीत. नुसती झाऱ्याने तेल उडवत राहिली आणि करंजी फुगताना बघत राहिली. दादा घरी आला तेव्हा तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेला होता. दारात चपलांचा ढीग बघून तो जरा दबकला. आत येऊन म्हणाला, “काय झालं?”

“जिवंत हाय ती,” आई म्हणाली. “तू ते फोनवरचं दाखवत बसलास. तुझ्या बायकोनं एका वाक्यात सांगितलं.”

वहिनीने त्याच संध्याकाळी मंठ्याला फोन केला. आमच्याकडं कोणी गेलेलं न्हाई, काही आणू नका, पाहुण्यांना पाठवा. पलीकडून, “बरं,” एवढंच. ते “बरं” कसलं होतं, याच्यावर वहिनी दोन दिवस विचार करत होती.

आता मी हे लिहिते आहे, सावकाश. रोज थोडं. आईच्या खोलीत बसून लिहिते, तिथे उजेड चांगला येतो. लांबच्या लढायांची आपण काळजी करावी का, यावर दादाचं आणि माझं अजूनही अधूनमधून बोलणं होतं, आणि दादाचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. आपल्या गल्लीतल्या नळाकडे आपण बघितलं नाही तर दुसरं कोण बघणार? तो विचारतो, आईच्या त्या चार दिवसांचा त्या बाईला काय उपयोग झाला? काहीच नाही झाला. जालन्यात एका म्हातारीने आपल्यासाठी कढई उतरवली आणि आपल्यासाठीच पुन्हा चढवली, हे तिला कधी कळणार नाही. त्याचा उपयोग आम्हाला झाला, असंही मला म्हणवत नाही. ती काही आमच्या उपयोगासाठी तिथे चुलीपुढे बसलेली नव्हती. मला एवढंच दिसतं की आईकडे माया मोजून मापून नव्हती. घरच्यांना कमी पडेल म्हणून बाहेरच्यांना द्यायची नाही, असं तिचं कधीच नव्हतं. आम्हाला कधी कमी पडली नाही. आई गेल्यावरही, खरं सांगायचं तर, पडलेली नाही.

त्या वर्षी पाडव्याला पुतणी आणि जावई आले. जावई मुलगा लाजाळू. वाकून सगळ्यांच्या पाया पडला, खालांच्याही. पुतणी मात्र आल्यापासून पदराला धरल्यासारखी वहिनीच्या मागे मागे होती, आणि काही खात नव्हती. घरून निघताना सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणाली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओवाळणं झालं. ताटं वाढली. जावयाने करंजी उचलली, मुरड बघितली, आणि ती इतकी चांगली होती की खायच्या आधी मोबाइलवर तिचा फोटो काढला. तेवढ्यात त्याच्याच मोबाइलवर विहीणबाईंचा फोन आला. त्याने वहिनीकडे दिला. वहिनीने पुन्हा स्पीकर लावला. कानाला लावायचा धीर नव्हता तिला.

“विहीणबाई, पोरानं मला सगळं सांगितलं,” त्या म्हणाल्या.

पुतणीने मान खाली घातली. दादा ताटावरून उठायच्या बेतात.

“मला एक सांगा. ती निळ्या ओढणीची का?”

वहिनीने आईकडे पाहिलं. “हो.”

“पत्र्याच्या चुलीवरची?”

“हो हो.”

“अगं बाई, मी बी रोज बघायचे की तिला! दिसंना तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं न्हाई. पण आमच्याकडं हे कोणाला सांगू? हसतील म्हणून गप बसले. तुमच्या सासूबाई हायेत का जवळ? द्या बरं.”

आईने फोन घेतला आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. लग्नात दोघी चार शब्दही बोलल्या नव्हत्या. आता दोघींचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि दोघी भांडत होत्या. विहीणबाईंचं ठाम मत होतं की ती बाई त्या गावात माहेरी आलेली होती.

“कशावरून?” आईचा आवाज.

“सासरी असती तर इतक्या मोकळ्या हातानं भाकरी वाटली असती का?”

“का हो, तुमच्या घरी सुनेचा हात बांधून ठेवता की काय?”

“माझ्या सुनंला विचारा की! तिथंच बसली असंल.”

आई खोलीतून मोठ्याने हसली. जावई खाली मान घालून हसला. दादा म्हणाला, “अगं आई, पाहुणे जेवायला खोळंबलेत,” पण ते तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. फोन लवकर संपणार नव्हता. वहिनी बसल्या जागी ताठ झाली, मग सैल झाली, आणि गरम शेवेचा आणखी एक घाणा काढायला उठली. पुतणीने मान वर केली. ती त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बसली, मांडी घालून, आणि नवऱ्याच्या ताटातली करंजी उचलून तिने आपल्या ताटात घेतली. तो म्हणाला, “अगं, ती माझी होती.” ती म्हणाली, “अजून पुष्कळ आहेत,” आणि खाऊ लागली.